हँडवॉश स्टेशनमध्ये खेळ नेमका कुठे बसवायचा?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. प्रॉडक्ट डिझाइनच्या शेवटच्या सेमिस्टरला तू जिल्हा परिषदेच्या एका प्राथमिक शाळेसाठी हँडवॉश स्टेशन करते आहेस. बांबूचा सांगाडा, त्यावर थ्रीडी प्रिंट केलेले पीएलए प्लास्टिकचे प्राणी आणि नळ सोडला की पाण्याच्या धारेवर फिरणारी रंगीत चक्री. गाइड म्हणतात, लहान मुलांना हे वापरायला जड जाईल. प्रोजेक्ट तपासणाऱ्या ज्यूरीतल्या एकांनी विचारलं, यात पर्यावरणाचा विचार नेमका कुठे आहे? दुसऱ्यांनी चक्री काढून टाकायला सांगितली. चक्री काढली तर प्रोजेक्टमध्ये उरतंच काय, असं तुला वाटतंय. सोय, पर्यावरण आणि खेळकरपणा या तिघांचा तोल कसा सांभाळायचा, हे तू विचारलं आहेस.

मी कंपन्यांसाठी वस्तू डिझाइन करते आणि विद्यार्थ्यांच्या ज्यूरीवरही बसते, त्यामुळे दोन्हीकडचं सांगते.

पहिली गोष्ट, तोल सांभाळायचा हा विचार बाजूला ठेव. तोल म्हटला की तीन वेगळी पारडी आली. मग बांबू म्हणजे पर्यावरण, चक्री म्हणजे खेळ आणि नळाची उंची म्हणजे सोय, अशी वाटणी होते. तुझ्या आराखड्यात तेच झालंय. प्रत्येक गुण वेगळ्या भागात राहायला गेलाय, म्हणून ज्यूरीतल्या प्रत्येकाला एकेक भाग काढून टाकावासा वाटतो, आणि तो काढला तरी बाकीचं स्टेशन तसंच चालत राहतं. हे तिन्ही गुण एकाच कृतीत शोधायला हवेत. तुझ्या प्रोजेक्टमध्ये ती कृती अगदी स्पष्ट आहे: एक मूल हाताला साबण लावून वीसेक सेकंद हात चोळतं. सेमिस्टर संपून तीन महिने झाल्यावर, आजूबाजूला कुणी मोठं माणूस नसताना, ते मूल ही कृती अजून करत असेल का, एवढाच प्रश्न समोर ठेव.

हा विचार काही माझा नाही. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्यानं भारत सरकारला एक अहवाल दिला आणि त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, उभी राहिली. त्या अहवालात आपल्या साध्या लोट्याबद्दल प्रश्नांची एक लांबलचक यादी आहे. पाणी किती मावावं, उचलणारा हात केवढा, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो का. त्याच दमात पुढे येतं की दुसऱ्या भांड्यावर आपटला किंवा दगडावर ठेवला तर आवाज कसा येतो, उन्हात कसा दिसतो, दुसऱ्याला देताना कसं वाटतं, आणि मोडीत घातला तर धातूचं मोल किती. वापर, आनंद आणि मोड, सगळं एकाच यादीत, मधे कुठेही कप्पे नाहीत. आपल्या आज्यांनी जुनी पितळी भांडी मोडीत देऊन नवी घेतली, तेव्हा त्यांना कुणी पर्यावरणाचे गुण दिले नव्हते. वस्तू कशी वापरायची आणि शेवटी तिचं काय करायचं, हा त्यांच्यासाठी एकच हिशोब होता.

आता चक्रीकडे येऊ. तिच्याबद्दल बोलण्याआधी एका खऱ्या प्रकल्पाची गोष्ट सांगायला हवी, कारण खेळ आणि पाणी यांची सांगड घालणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती माहीत असावी.

दक्षिण आफ्रिकेत 'प्लेपंप' नावाची कल्पना आली. शाळेच्या आवारात मुलांचं गोल फिरणारं चाक बसवायचं, ते खाली पंपाला जोडायचं. मुलं खेळतात, पाणी वर चढतं, उंच टाकीत साठतं, टाकीच्या बाजूंवर जाहिराती लावून देखभालीचा खर्च निघतो. ऐकताक्षणी आवडावी अशी कल्पना. २००० मध्ये तिला जागतिक बँकेच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं, २००६ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६४ लाख डॉलरच्या मदतीची घोषणा झाली आणि २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचं ठरलं.

हिशोब मात्र साधा होता. एका पंपावर २,५०० माणसांची सोय होईल असं सांगितलं होतं. माणशी दिवसाला १५ लिटर धरले तर ३७,५०० लिटर होतात. पंपाची क्षमता, उत्तम स्थितीत, तासाला सुमारे १,४०० लिटर. भागाकार कर. मुलांनी दिवसाला जवळजवळ २७ तास खेळायला हवं. २००९ मध्ये ब्रिटनच्या 'गार्डियन' दैनिकानं हा आकडा छापला.

पण मला त्या आकड्यापेक्षा चाकाचं वागणं महत्त्वाचं वाटतं. बागेतलं चाक एकदा ढकललं की आपल्या वेगानं फिरत राहतं आणि त्यावर उडी मारून बसायचं, यातच सगळी मजा असते. पंप जोडलेलं चाक ढकलणं थांबवलं की थांबतं. म्हणजे खेळाचा गाभाच काढून घेतला आणि वर खेळाचं रूप ठेवलं. मुलं दमून निघून गेली. मग पाण्यासाठी आलेल्या बायकांना ते चाक हातानं फिरवावं लागलं. वाकून, गोल गोल, आणि पूर्वी जिथे साधा हातपंप होता तिथेसुद्धा. बिघडल्यावर दुरुस्ती गावात होत नव्हती. पैसे देणाऱ्या संस्थेनंच २०१० मध्ये जाहीरपणे मान्य केलं की ठरवलेलं साधलं नाही.

इथे सोय आधी मोडली की पर्यावरण आधी की खेळ आधी, असं सांगता येत नाही. तिन्ही एकदमच गेले, कारण चूक मुळात एका जागी होती: काम करणाऱ्याला बक्षीस कशाचं मिळतं, हे कुणी पाहिलं नव्हतं.

तुझ्या चक्रीतही अडचण हीच आहे. नळ सोडला की चक्री फिरते, म्हणजे मुलाला बक्षीस मिळतं ते पाणी सोडण्याचं. सात वर्षांचं मूल काय करील? चक्री बघत नळ सोडून ठेवील, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही, तू त्याला तेच सांगितलं आहेस. नेहमीचा नळ पूर्ण सोडला तर मिनिटाला ८ ते १० लिटर पाणी जातं. २० सेकंद चालू राहिला तर ३ लिटर. १२० मुलांच्या शाळेत पोषण आहाराच्या आधीच ३६० लिटर. उन्हाळ्यात ज्या गावात टँकर येतो तिथे मुख्याध्यापक आठवड्याच्या आत तुझ्या नळाला कुलूप लावतील. ज्यूरीनं चक्री काढायला सांगितली ती बालिश दिसते म्हणून सांगितली असेल, तर ते कारण मला पटत नाही. चक्री चुकीच्या कामाचं बक्षीस देते, हे खरं कारण.

मग खेळ कुठे? जिथे पाणी लागत नाही तिथे, म्हणजे हात चोळण्याच्या वीस सेकंदांत. हीच वेळ मुलांना कंटाळवाणी वाटते, हीच ती टाळतात आणि आरोग्याच्या दृष्टीनं हीच सगळ्यात मोलाची. या वीस सेकंदांत काहीतरी घडलं पाहिजे.

एक दिशा सुचवते. उत्तर म्हणून घेऊ नकोस, करून पाहायला घे. पायानं पेडल दाबलं की कपभर पाणी येतं, हात ओले होतात. त्याच वेळी वर एक छोटं भांडं बारीक धारेनं भरायला लागतं. मूल साबण लावून चोळतंय, भांडं भरतंय. वीस सेकंदांनी ते आपोआप कलंडतं आणि हात धुण्याचं पाणी एकदम खाली येतं. त्याच्या आधी पाणी मिळतच नाही. भांडं कधी कलंडणार याची वाट बघणं हाच खेळ, आणि चार मुलं शेजारी उभी असली तर कुणाचं आधी, यावर आरडाओरडा होणारच. पाण्यानं वेळ मोजणं आपल्याला नवं नाही. लग्नात मुहूर्तासाठी घंगाळात सोडायचं घटिकापात्र २४ मिनिटांत बुडायचं, तेही तळाच्या एका भोकाच्या हिशोबावर.

यात दोन गोष्टी तुला छळतील, त्या आधीच सांगते. टाकीतलं पाणी खाली जाईल तशी धार मंदावते. धारेचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो, म्हणजे टाकीतलं पाणी चौथाईवर आलं की भांडं भरायला दुप्पट वेळ लागेल. सकाळी २० सेकंद, दुपारी ४०. मुलं तेवढं थांबणार नाहीत. म्हणून टाकी आणि भांडं यांच्या मधे फ्लशच्या टाकीत असतो तसा बॉल-व्हॉल्व्ह लावून एक लहान डबा ठेव, त्यातली पातळी कायम राहील. दुसरं, बोअरच्या पाण्यात क्षार असतील तर बारीक धार सोडणारं ३ मिलिमीटरचं भोक काही महिन्यांत बुजायला लागेल. भोक तारेनं खरवडता येईल अशा जागी आणि हाताला येईल असं ठेव.

कलंडणारं भांडं म्हणजे हलणारा भाग, म्हणजे बोटं चिमटण्याची भीती. हँडवॉश स्टेशन हे खेळणं नाही, पण खेळण्यांच्या सुरक्षेचे नियम तू उचलून वापरायला हवेस. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे आणि त्यामागचं मानक आयएस ९८७३. हलणाऱ्या भागांमधल्या फटींचा त्यामागचा ठोकताळा लक्षात ठेवायला सोपा आहे: ज्या फटीत ५ मिलिमीटरची कांडी जाते, तिच्यात १२ मिलिमीटरचीही सहज गेली पाहिजे. बोट एकतर आत जाऊच नये, नाहीतर मोकळं राहावं.

आणि चक्री तुला मनापासून आवडत असेल तर ती सांडपाण्याच्या वाटेवर बसव, जिथून पाणी शाळेच्या परसबागेत जातं. प्रत्येकाला मिळणारं पाणी ठरलेलं असल्यामुळे चक्री जास्त फिरावी म्हणून कुणी जास्त पाणी सोडू शकत नाही. तिथे ती निर्धास्त फिरू दे.

आणखी एक उदाहरण तुझ्या भिंतीवर लावून ठेवण्यासारखं आहे. बांगलादेशातल्या ग्रामीण भागातल्या दोन प्राथमिक शाळांमध्ये संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. शौचालयापासून हात धुण्याच्या जागेपर्यंत रंगीत वाट केली, वाटेवर पावलं रंगवली आणि हात धुण्याच्या जागी हाताचे पंजे. भाषण नाही, पोस्टर नाही, स्वच्छतेचा धडा नाही. आधी शौचालयातून आल्यावर साबणानं हात धुणारी मुलं ४ टक्के होती, सहा आठवड्यांनी ७४ टक्के. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. शाळा दोनच होत्या, त्यामुळे आकड्याला फार ताणू नकोस. पण यात खेळ कुठे आहे ते बघ. पावलावर पाऊल ठेवत जाण्यातच तो आहे आणि ती पावलं मुलाला नेमकी जिथे जायला हवं तिथेच नेतात. साहित्य म्हणशील तर मुख्यतः रंग. आपल्याकडच्या मुलांना ठिकरी आणि लंगडी शिकवावी लागत नाही. वर्गाच्या दारापासून स्टेशनपर्यंत ठिकरीचे चौकोन आखलेस तर तुझं निम्मं काम जमिनीवरच होईल. प्राण्यांच्या आकारांवर जितके दिवस घालवले आहेस त्यातला एक दिवस यावर घाल.

ते प्राणी मी काढून टाकीन. आकाराला महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. २००८ च्या सुमारास कॅनडाच्या गेल्फ विद्यापीठाचा क्रिस्टोफर चार्ल्स हा संशोधक विद्यार्थी कंबोडियात रक्तक्षयावर काम करत होता. स्वयंपाकाच्या भांड्यात लोखंडाचा तुकडा उकळला तर अन्नात लोह उतरतं, आपण लोखंडी कढईत भाजी करतो त्यामागचीच गोष्ट. त्यानं बायकांना लोखंडाचा ठोकळा दिला, तो कुणी भांड्यात घालेना. मग त्या भागात शुभ मानल्या जाणाऱ्या माशाचा आकार दिला, आणि तोच तुकडा भांड्यात जायला लागला. तो आकार सजावट नव्हता, त्याच्यामुळे वस्तू वापरात आली. पण गोष्ट इथे संपत नाही. २०१७ मध्ये तिथल्याच ग्रामीण स्त्रियांवर काळजीपूर्वक केलेल्या चाचणीत माशाचा हिमोग्लोबिनवर परिणाम दिसला नाही. त्या भागात बऱ्याच जणींच्या रक्तक्षयाचं मूळ लोहाच्या कमतरतेत नव्हतंच, हिमोग्लोबिनचे आनुवंशिक दोष तिथे बरेच आढळतात. म्हणजे लोकांनी वस्तू आवडीनं वापरली म्हणून तिचं काम झालं, असंही समजता येत नाही. तुझ्या वाघ-हत्तींना मी दोन्ही प्रश्न विचारते. त्यांच्यामुळे मूल साबणाकडे जातं का? आणि गेलं तर हात स्वच्छ होतात का? दोन्हीचं उत्तर तुझ्याकडे नसेल तर ते केवळ प्लास्टिक आहे.

सोयीबद्दल गाइडचं म्हणणं बरोबर आहे, पण ते फक्त उंचीबद्दल बोलत असतील तर अपुरं आहे. उंचीचा हिशोब असा: उभ्या माणसाचा कोपर त्याच्या उंचीच्या साधारण ६० ते ६३ टक्क्यांवर येतो. पहिलीतलं मूल ११० ते ११५ सेंटिमीटर, म्हणजे कोपर सत्तरच्या आसपास. सातवीतलं १४५, म्हणजे कोपर नव्वदला. हात कोपरापेक्षा खाली राहिले नाहीत तर पाणी मनगटावरून बाहीत जातं आणि थंडीत ओल्या बाहीचं मूल पुन्हा नळाकडे फिरकत नाही. पायरी देऊ नकोस, शेवाळानं घसरते. पन्हळ दोन उंचीवर कर किंवा उतरती कर. कॉलेजच्या लायब्ररीत मापांची जी पुस्तकं मिळतात त्यात बहुतेक मापं मोठ्यांची असतात. शाळेत जाऊन मुलांचीच मापं घे. भिंतीवर टेप चिकटवायची आणि मुलांना रांगेत उभं करायचं, एका दुपारचं काम आहे आणि मुलांना ते फार आवडतं.

त्याहून मोठा प्रश्न रांगेचा. पोषण आहाराची घंटा झाली की १२० मुलं एकदम धावतात. तुझ्या स्टेशनवर चार मुलं उभी राहू शकतात आणि प्रत्येकाला ४० सेकंद लागतात असं धरलं, तर शेवटच्या मुलाचा नंबर वीस मिनिटांनी. तोवर खिचडी संपते. मुलं हात न धुता बसतील आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही बसले असते. फिलिपिन्समध्ये 'फिट फॉर स्कूल' कार्यक्रमात यावर उपाय म्हणून वर्गच्या वर्ग एकत्र हात धुतो. एक आडवा पाइप, त्याला ओळीनं भोकं, दोन्ही बाजूंना मुलं उभी. मूल एकटं येतं असं धरून तू आराखडा केला आहेस, तो दहा-बारा मुलं एकदम येतात असं धरून पुन्हा कर. कलंडणारं भांडंसुद्धा मग प्रत्येकाला एक नको, एका मोठ्या भांड्यातून सगळ्यांवर एकदम पाणी आलं तर मजा वाढेलच.

साबणाचं तू लिहिलेलंच नाहीस. वडी उघड्यावर ठेवली की कावळा नेतो, किंवा ती पाण्यात पडून विरघळते, किंवा हरवते म्हणून बाई ती कपाटात ठेवतात. माझ्या पाहण्यातली बरीच स्टेशन्स नळ धडधाकट असूनही निव्वळ साबण नाही म्हणून निकामी आहेत. वडी जाळीच्या पिशवीत घालून दोरीनं बांधणं हा जुना उपाय चांगला आहे. दुसरा ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या आरोग्य संशोधन संस्थेच्या कामातून आलेला: दीड लिटर पाण्यात ३० ग्रॅम कपडे धुण्याची पावडर हलवायची, झाकणाला भोक पाडायचं, झालं साबणाचं पाणी. स्वस्त, आणि चोरून न्यावं असं त्यात काही नाही. तुझं डिझाइन यातल्या कशाला जागा देतं ते आधी ठरव, प्राण्यांचं नंतर.

आता साहित्य. इथे मी जरा कठोर होणार आहे, कारण 'सस्टेनेबल' या शब्दाखाली ज्यूरीसमोर जे येतं त्यातलं बरंचसं फक्त दिसायला तसं असतं.

पीएलए मक्यापासून किंवा उसापासून होतं हे खरं. पण ते ५५ ते ६० अंशांना मऊ पडायला लागतं आणि विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याजवळ उन्हात ठेवलेली वस्तू त्या तापमानाच्या जवळ जाते. शाळेच्या खतखड्ड्यात ते कुजत नाही. त्याला औद्योगिक कंपोस्टिंगची साठेक अंशांची सततची उष्णता लागते. भंगारवालाही घेत नाही. प्रिंटच्या थरांमधल्या खाचांत शेवाळ बसतं, ते वेगळंच.

बांबू मला फार प्रिय आहे, पण पाण्याशेजारी नाही. त्यातल्या स्टार्चला भुंगा लागतो म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात प्रक्रिया करतात, आणि सतत पाणी लागलं की तेच द्रावण धुऊन निघतं. जमिनीत रोवलेला बांबू वाळवी खाते. छपरासाठी वापर, पायासाठी नको. मेळघाटातलं लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र किंवा कोकणात कुडाळला बांबूवर काम करणारी कॉनबॅक ही संस्था, इथल्या लोकांशी बोललीस तर कुठला बांबू कुठे चालतो ते तुला एका संभाषणात कळेल.

मग काय वापरायचं? जे तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते. २० किलो लोखंडी अँगल म्हणजे साधारण ४० किलो कार्बन डायऑक्साइड, पोलादाच्या किलोमागे दोन किलो धरले तर. तो स्टँड वर्षभरात गंजून पडला तर ४० किलो वाया. दहा वर्षं टिकला तर वर्षाला चार. कुठलंही 'हरित' साहित्य निवडून तू हा दहापटीचा फरक पाडू शकणार नाहीस, पण तळाशी पाणी साचू न देणारा एक उतार देऊन पाडू शकशील. पाइप काळ्या एचडीपीई प्लास्टिकचा घे, त्यातल्या कार्बनमुळे ऊन सोसतो. पांढरा पीव्हीसी उघड्यावर ठिसूळ होतो. सगळे बोल्ट एकाच मापाचे, एम६, म्हणजे गावातल्या कुणाच्याही पेटीतल्या दहा नंबरच्या पान्यानं स्टेशन उघडता येईल. पेडलला सायकलच्या ब्रेकची वायर लाव. तुटली तर सायकलवाल्याकडे मिळेल आणि मुलांपैकीच कुणीतरी ती बसवील.

२०२० मध्ये पायानं दाबायचे सॅनिटायझर स्टँड गावोगावच्या फॅब्रिकेशनवाल्यांनी बनवले. ते आज कुठे आहेत ते तुझ्या आसपासच्या कार्यालयांत जाऊन बघ आणि प्रत्येकाचं काय मोडलं त्याचे फोटो काढ. बहुतेक ठिकाणी तुला स्प्रिंग किंवा वायर दिसेल. तुझ्या विषयाचा यापेक्षा चांगला अभ्यास ग्रंथालयात होणार नाही.

इथे अरविंद गुप्ता यांचं काम आठवल्याशिवाय राहवत नाही. १९७८ मध्ये ते टेल्कोतून (आजची टाटा मोटर्स) रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि काड्यापेटीच्या काड्या यांतून भूमितीचे सांगाडे करायला लागले. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊतून खेळणी केली. लोक त्यांच्याकडे स्वस्त खेळण्यांचा माणूस म्हणून बघतात. मला त्यात दिसतं ते असं, की खेळणं मोडलं तर मूल ते स्वतः पुन्हा करू शकतं, कारण साहित्य त्याच्या हाताशी असतं. हा गुण तू उचल. कलंडणारं भांडं प्रिंट करू नकोस, पाण्याच्या रिकाम्या बाटलीतून कापता येईल असं कर. सोबत पत्र्याचा एक साचा दे, त्यावर बाटली ठेवून रेघ मारायची आणि कापायची. फुटलं तर चौथीचा वर्ग नवं करील, रंगवील, त्यावर नाव घालील. तुझी खेळकरपणाची हौस, सोय आणि पर्यावरण, तिन्ही या एका बाटलीत येतात. आणि ज्यूरीतल्या कुणालाही ती काढून टाक म्हणता येणार नाही, कारण ती काढली तर स्टेशन चालणारच नाही.

चाचणीबद्दल. पहिल्या दिवशी हसणाऱ्या मुलांचा व्हिडिओ प्रत्येक विद्यार्थ्याकडे असतो, त्यातून काही कळत नाही. नवी वस्तू, कॅमेरा घेतलेली ताई, मुलं हसणारच. शिवाय कुणी बघतंय म्हटलं की माणसं हात जास्त धुतात. बांगलादेशात संशोधकांनी साबणाच्या आतच हालचाल मोजणारा सेन्सर ठेवला होता, तेव्हा घरात निरीक्षक बसला की साबण जास्त हलतो हे दिसलं. तुला सेन्सरची गरज नाही. सोमवारी साबणाची वडी वाळवून वजन कर, शनिवारी पुन्हा कर, हजेरीनं भाग. टाकीवर आतून रेघा मारून पाणी मोज. तीन आठवडे हे दोन आकडे लिही आणि त्या काळात शाळेत फार जाऊ नकोस. तिसऱ्या आठवड्याचा आकडा पहिल्याच्या निम्मा असेल तर खेळ संपला आहे, आणि हे ज्यूरीच्या आधी कळलेलं बरं.

यासाठी सेमिस्टरची मांडणी उलटी करावी लागेल. बहुतेक जण दहा आठवडे रेंडरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या चकचकीत चित्रांत, घालवतात आणि प्रोटोटाइप शेवटच्या आठवड्यात शाळेत नेतात. तू सहाव्या आठवड्यात ओबडधोबड का होईना, चालणारं स्टेशन शाळेत उभं कर: ड्रम, पाइप, बाटली, लाकडी फळ्यांचं पेडल. निळा ड्रम घेताना त्यात आधी काय होतं ते विचार, रसायनाचा घेऊ नकोस. ते मोडेल. काय मोडलं, कुणी दुरुस्त केलं, किती दिवस बंद होतं, हे सगळं तारखेसह लिहून ठेव. ज्यूरीला चकचकीत मॉडेलच्या शेजारी ते मोडलेले भाग मांडून दाखव. मी ज्यूरीवर असते तर त्या भागांवरच सगळ्यात जास्त वेळ बोलले असते.

शेवटचं, आणि हे तू विचारलेलं नाहीस. स्टेशन शाळेला देऊन जाताना एक कागद लॅमिनेट करून आत चिकटव: प्रत्येक भागाचं नाव, अंदाजे किंमत, तालुक्यात कुठल्या प्रकारच्या दुकानात मिळतो, बाटली कापायची आकृती आणि भोक साफ करायची पद्धत, सगळं मराठीत आणि मोठ्या अक्षरात. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दहा मिनिटं मागून घे आणि साबणाचा खर्च कोण करणार, टाकी रोज कोण भरणार, ही दोन नावं तिथेच ठरवून घे. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना त्या बैठकीला बोलव. टाकी बहुधा त्याच भरतील, म्हणून ड्रमचं तोंड किती उंचीवर असावं हे त्यांनाच विचार, आणि ते शेवटच्या ड्रॉइंगच्या आधी विचार.